नळ सोडला की वाजणारा फोन

बाबा अतिदक्षता विभागात होते त्या दिवसांत मी नळ सोडला की माझा फोन वाजायचा.

कधीही बोलावणं येईल म्हणून मोबाइल सतत हाताशी असे. अंघोळीला जाताना तो बाहेर स्टुलावर ठेवायचे आणि दार थोडं उघडं ठेवायचे. पाण्याची धार सुरू झाली की मिनिटभरात रिंग ऐकू यायची. नळ बंद करून कान टवकारले की काही नाही. पुन्हा नळ सोडला की पुन्हा रिंग. माझ्याच मोबाइलची ओळखीची धून, जरा लांबून आल्यासारखी. ‘तुला वाटलं असेल,’ असं घरचे म्हणाले. पण वाटणं आणि ऐकू येणं यातला फरक प्रत्येकाला कळतो, आणि मला ती धून ऐकू आली होती.

पडत्या पाण्याच्या आवाजात खर्जापासून टिपेपर्यंतचे सूर एकदम मिसळलेले असतात. रिंगचे सूरही त्यात असतात, फक्त विखुरलेले. ज्याचं सगळं चित्त एका फोनकडे लागलंय त्याचा मेंदू त्या गदारोळातून नेमके तेवढेच सूर वेचतो, मधल्या जागा स्वतः भरतो आणि तयार धून कानाशी आणून ठेवतो. ऐकलेलं कुठे संपलं आणि भरलेलं कुठे सुरू झालं, याचा पत्ता तो लागू देत नाही.

मनी वसे ते स्वप्नी दिसे, म्हणतात. ते जागेपणीही दिसतं आणि ऐकू येतं, आणि हे आता प्रयोगशाळेत मोजून पाहिलेलं आहे. कुणीच नसताना ज्यांना आवाज ऐकू येतात, आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवून आहे अशी ज्यांची पक्की खात्री झालेली असते, त्यांच्या मेंदूत काय चाललं असावं याचाही त्यातून बराच उलगडा होऊ लागला आहे. त्याबद्दल लिहावंसं वाटलं, कारण अशा माणसांविषयी ‘काहीतरीच बोलतो’, ‘नाटकं करते’ असं सहज बोललं जातं. ते निर्दय तर आहेच, शिवाय चुकीचं आहे.

अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि ती नसावी, हे कुणाच्या बाबतीत घडलेलं नाही? पाय धप्पकन आपटतो, छातीत धस्स होतं. जमीन तर रोजचीच आहे, मग दचकायला काय झालं? पाऊल टेकायच्या आधीच ते कधी टेकेल, किती खाली टेकेल, किती जोरात टेकेल याचा हिशेब मेंदूने मांडून ठेवला होता. आधीच्या सगळ्या पायऱ्यांवर तो जुळला, म्हणून त्या पायऱ्या लक्षातही राहिल्या नाहीत. जिथे फसला तेवढीच बातमी वर पोचली.

पाहणं म्हणजे नकळत केलेलं अनुमान, असं जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ सालीच मांडलं होतं. आज मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांपैकी अनेक जण तोच धागा पुढे नेतात. त्यांच्या मते मेंदू सतत वरून खाली अंदाज पाठवत असतो: आता हे दिसेल, आता हे ऐकू येईल. डोळे, कान, त्वचा खालून वर पुरावा पाठवतात. दोघांत जी तफावत पडेल तिच्यावरून पुढचा अंदाज सुधारला जातो. आपण ज्याला ‘समोरचं जग’ म्हणतो तो या दोघांमध्ये झालेला समझोता असतो.

सगळी मेख भरवशात आहे. अंदाज एक म्हणतो आणि पुरावा दुसरंच, तर ऐकायचं कुणाचं? लख्ख उजेडात डोळ्यांचं. तिन्हीसांजेला, धुक्यात, गोंगाटात पुरावा अधू होतो, तेव्हा अंदाजाला जास्त वजन द्यायचं. हे मोठं शहाणपणाचं धोरण आहे आणि त्यावाचून आपलं पान हलत नाही. अमेरिकेत रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाने १९७० साली ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दाचा तुकडा कापून काढला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांना शब्द अख्खा ऐकू आला. खोकला नेमका कुठे आला, हेच त्यांना धड सांगता येईना.

आता याच्या एक पाऊल पुढे जाऊ. नेदरलँड्समधल्या काही विद्यार्थ्यांना २००१ साली नुसती खरखर ऐकवण्यात आली आणि सांगितलं गेलं की मधेच एखाद्या वेळी नाताळचं एक प्रसिद्ध गाणं अगदी हळू लागलेलं असेल, ऐकू आलं की बटण दाबा. गाणं लावलंच नव्हतं. तरी जवळजवळ एक तृतीयांश मुलांनी बटण दाबलं. धडधाकट मुलं होती ती. म्हणजे नळाखाली उभी असलेली मी काही एकटी नव्हते.

या विषयावरचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग येल विद्यापीठात झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. अल्बर्ट पॉवर्स, फिलिप कॉर्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार प्रकारच्या माणसांना बोलावलं. काहींना सायकोसिस होता, म्हणजे वास्तवाशी असलेला धागा सुटण्याचा आजार, आणि त्यांना रोज आवाज ऐकू येत. काहींना सायकोसिस होता पण आवाज येत नसत. काहींना यातलं काहीच नव्हतं. चौथा गट मात्र वेगळाच: यांनाही रोज आवाज ऐकू येत, पण ते आजारी नव्हते. ते स्वतःला अतींद्रिय शक्ती असलेले मानत आणि त्या आवाजांसह आपलं कामधाम सुरळीत करत.

प्रत्येकाला पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट दाखवायचा आणि त्याच क्षणी गोंगाटात मिसळलेला एक बारीक सूर ऐकवायचा. ऐकू आला का, हो किंवा नाही, बटण दाबून सांगायचं. खात्री जितकी जास्त तितका वेळ बटण दाबून धरायचं. सुरुवातीला पट आला की सूर बहुतेक वेळा असे. मग हळूहळू सूर क्षीण होत गेला आणि पुष्कळदा नुसताच पट येऊ लागला. चारही गटांतल्या माणसांना अशा वेळी कधी ना कधी नसलेला सूर ऐकू आला. पण ज्यांना एरवी आवाज ऐकू येतात, त्या दोन्ही गटांतल्यांना तो कितीतरी जास्त वेळा आणि जास्त खात्रीने ऐकू आला. आजारी असोत की नसोत. त्यांचा मेंदू शिकलेल्या अंदाजाला कानापेक्षा जास्त वजन देत होता.

याहून बोलकी गोष्ट पुढची. पट आणि सूर यांची जोडी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, हे ओळखून आपला अंदाज बदलणं सायकोसिस असलेल्यांना जड गेलं, मग त्यांना आवाज येत असोत वा नसोत. अतींद्रिय म्हणवणाऱ्या गटाला ते जमत होतं. मला यातून असं समजतं की नसलेलं ऐकू येणं ही एक गोष्ट आणि ऐकू आलेलं चुकीचं असू शकेल हे मान्य करता येणं ही दुसरी. माणूस कोलमडतो तो बहुधा दुसरी हातून निसटते तेव्हा.

अंदाजावर जादा भिस्त ठेवण्याचा फायदाही होतो. इंग्लंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना नुसत्या काळ्या-पांढऱ्या डागांसारखी दिसणारी चित्रं दाखवली. त्यांतल्या काहींत माणूस दडलेला होता, पण तो ओळखू येणं कठीण. मग मूळ रंगीत छायाचित्रं दाखवली आणि पुन्हा तेच डाग. मूळ चित्र पाहिल्यावर सगळ्यांनाच डागांत माणूस सापडू लागला, पण सायकोसिसच्या उंबरठ्यावर असलेल्यांमध्ये ही सुधारणा इतरांपेक्षा जास्त दिसली. ज्याला आपण बिघाड म्हणतो, तो एका उपयोगी क्षमतेचा तोल ढळण्यातून येतो.

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं: अंदाज जास्त, पुरावा कमी, म्हणून भास. पण एक मुखवटा आडवा येतो. मुखवटा उलटा धरा, म्हणजे आतली खोलगट बाजू आपल्याकडे. तरीही आपल्याला नाक पुढे आलेला नेहमीचा चेहरा दिसतो. जन्मात खोलगट चेहरा पाहिलेला नसल्याने मेंदू डोळ्यांचं म्हणणं धुडकावतो. स्किझोफ्रेनिया, म्हणजे ज्यात सायकोसिस दिसतो असा एक मानसिक आजार, असलेल्यांची या बाबतीत फसगत फार कमी होते, हे २००९ सालच्या एका अभ्यासातही दिसलं. त्यांना मुखवटा जसा आहे तसा, खोलगटच दिसतो. म्हणजे इथे त्यांचा अंदाज दुबळा आणि पुरावा वरचढ. सरळसरळ उलटं!

संशोधक यावर अजून वाद घालतात. मला पटणारं उत्तर असं, की मेंदूत अंदाज एकाच मजल्यावर राहत नाहीत. खालच्या मजल्यांवर रेषा, सावली, सूर, स्पर्श यांचे क्षणाक्षणाचे अंदाज असतात. वरच्या मजल्यांवर ‘कोण बोलतंय’, ‘याचा हेतू काय’ असले. खालचे अंदाज कच्चे पडले की रोजच्या साध्या गोष्टीही अनपेक्षित होऊन वर पोचतात. मग त्यांचा अर्थ लावण्यासाठी वरच्या मजल्याला भक्कम, ताठर समजुती उभाराव्या लागतात. एकाच माणसात दोन्ही नांदू शकतात.

खालचा अंदाज कच्चा पडला की काय होतं ते गुदगुल्यांवरून कळतं. स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत. हात हलवायचा आदेश सोडतानाच मेंदू त्याची एक प्रत आपल्यापाशी ठेवतो आणि येणारा स्पर्श आधीच वजा करून टाकतो. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर, क्रिस फ्रिथ आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं, की आवाज ऐकू येणाऱ्या किंवा आपल्या हालचाली दुसरंच कुणी घडवतंय असं वाटणाऱ्या रुग्णांना स्वतः केलेला स्पर्श आणि दुसऱ्याने केलेला स्पर्श सारखाच जाणवतो. ही वजाबाकी त्यांच्यात नीट होत नाही.

आता स्पर्शाच्या जागी बोलणं ठेवून पाहा. आपण दिवसभर मनात बोलत असतो: चावी घेतली का, काय मूर्खपणा केलास, उशीर होतोय. हा आवाज आपलाच आहे हे सांगावं लागत नाही, कारण तो उमटायच्या आधीच मेंदूला तो ठाऊक असतो. ही पूर्वसूचना पोचलीच नाही तर? ‘काय मूर्खपणा केलास’ हे शब्द तेच, पण अचानक, बाहेरून, परक्याचे होऊन येतील. हे नुसतं तर्काने म्हणत नाही. लुई गूल्ड या डॉक्टरांनी १९४९ साली आवाज ऐकू येणाऱ्या एका रुग्ण स्त्रीची अगदी अस्फुट कुजबुज यंत्राने मोठी करून ऐकली. तिला ऐकू येणारे आवाज जे बोलत होते, तेच त्या कुजबुजीत होतं. सगळेच आवाज असे उलगडत नाहीत, पण पुष्कळांच्या मुळाशी स्वतःचीच ओळख न पटलेली वाणी असावी.

मग उरतो संशय, पक्का, कशानेही न हलणारा. तो एका दिवसात येत नाही. आधी आठवडे, कधी महिने एक विचित्र काळ असतो. कोपऱ्यावर उभी असलेली लाल गाडी डोळ्यांत भरते. बातम्या देणाऱ्या बाईने पापणी लवली ती माझ्यासाठी होती का? दोन अनोळखी मुलं हसली, नेमकी मी जवळून जातानाच. कशाचाच अर्थ लागत नाही, पण सगळ्याला अर्थ आहे असं आतून ठाम वाटतं. क्लाउस कॉनराड या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९५८ साली या अवस्थेला नटांच्या बोलीतला शब्द दिला होता, रंगमंचावर पाऊल ठेवण्याआधीच्या धडधडीचा.

यामागे डोपामिन असावं. हे रसायन मेंदूत ‘इकडे लक्ष दे, हे महत्त्वाचं आहे’ अशी खूण करतं. ते अवेळी, अकारण सुटू लागलं तर बिनमहत्त्वाच्या गोष्टींवर महत्त्वाचा शिक्का बसत जातो. शितिज कपूर यांनी २००३ साली ही मांडणी नेटकेपणाने केली. अशा शंभर शिक्क्यांनी भांबावलेला माणूस कधीतरी एका उत्तराशी येऊन थांबतो: माझ्यावर पाळत आहे. ते उत्तर भयंकर असलं तरी सगळं एकदम जुळतं, आणि जुळण्याचा दिलासा फार मोठा असतो. म्हणूनच पुरावे देऊन ते हलवता येत नाही. आपण पुरावा देतो तेव्हा त्याची एकमेव समजलेली गोष्ट त्याच्याकडून मागत असतो.

डोपामिन आणि भास यांचा संबंध उंदरांतही पाहिला गेला आहे. गोंगाटातला सूर ओळखायला शिकवलेले उंदीर कधीकधी सूर नसतानाही मोठ्या खात्रीने ‘आहे’ म्हणून बक्षिसाची वाट पाहत बसत, आणि अशा चुकीच्या आधी त्यांच्या मेंदूच्या ठरावीक भागात डोपामिन वाढलेलं असे. हे २०२१ सालचं काम. औषधांचा इतिहास त्याहून जुना आहे: पॅरिसमध्ये १९५२ साली क्लोरप्रोमाझिन रुग्णांना देऊ लागले, आणि नंतर कळलं की अशी औषधं डोपामिनची वाट अडवतात. शिक्के बसायचे थांबतात. पण आधीच तयार झालेली समजूत लगेच पुसली जात नाही. ‘अजून वाटतं तसं, पण आता तितकं छळत नाही,’ असं काहीसं रुग्ण म्हणतात ते यामुळे. बरं वाटलं म्हणून मनाने गोळ्या बंद करणं का धोक्याचं, हेही यातून समजावं.

आतापर्यंत तराजूच्या अंदाजाच्या पारड्याबद्दल बोललो. पुराव्याचं पारडं रिकामं झालं तरी तेच होतं. जिनिव्हाचे शार्ल बोने यांनी १७६० साली आपल्या आजोबांबद्दल लिहिलं आहे. वय नव्वदीला टेकलेलं, मोतीबिंदूने नजर जवळजवळ गेलेली, आणि त्यांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. बुद्धी शाबूत होती, हे खरं नाही हेही त्यांना ठाऊक होतं. डोळ्यांकडून काहीच येईना तेव्हा मेंदू आपल्याच साठ्यातली चित्रं लावत होता. ऐकू कमी येणाऱ्या वृद्धांना गाणी ऐकू येतात तीही याच जातीची. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने असं काही सांगितलं तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. कित्येक वृद्ध ‘वेड लागलं म्हणतील’ या भीतीने गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

बाबा गेल्यावर दोन-अडीच महिने पहाटे मला त्यांचा खोकला ऐकू यायचा. दोनदा सलग, मग एक लहानसा. चाळीस वर्षं ऐकलेला खोकला. मेंदूने त्याचा अंदाज बांधणं एका दिवसात कसं थांबवावं? डब्ल्यू. डी. रीस या डॉक्टरांनी वेल्समध्ये जोडीदार गमावलेल्या २९३ जणांना विचारलं होतं. १९७१ साली त्यांनी लिहिलं की जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या माणसाचं अस्तित्व कुठल्या ना कुठल्या रूपात जाणवत होतं. बहुतेकांनी ते आधी कुणालाही सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं.

अठरा देशांतल्या ३१,२६१ प्रौढांशी बोलून केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५.८ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी भास किंवा तशा प्रकारची समजूत अनुभवाला आलेली होती, झोप, स्वप्नं आणि नशा वगळून. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश जणांना ती एकदाच आली. तेव्हा एखादा भास झाला म्हणून हादरून जायचं कारण नाही. पण भास वारंवार होत असतील, त्यांच्या भीतीने झोप, काम, माणसांत मिसळणं सुटत चाललं असेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नये. आणि आवाज जर स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, तर त्याच दिवशी जावं.

जवळच्या माणसाने आवाजाबद्दल सांगितलं तर काय बोलावं, असं मला विचारतात. ‘तिथे कुणी नाहीये’ म्हणून उपयोग नाही; त्याच्या कानांनी ऐकलंय. ‘हो, मलाही येतोय ऐकू’ असं खोटंही बोलू नये. ‘मला ऐकू येत नाहीये, पण तुला येतंय हे मला पटतं. काय म्हणतोय तो? भीती वाटतेय का?’ इतकं पुरतं. वाद टळतो आणि माणूस बोलता राहतो. त्याची झोप सांभाळा. जागरणाने हा तोल फार लवकर ढळतो.

लंडनमध्ये मनोविकारतज्ज्ञ ज्युलियन लेफ यांनी सुरू केलेली एक उपचारपद्धती या सगळ्याच्या फार जवळ जाते. रुग्ण आपल्याला छळणाऱ्या आवाजाला संगणकावर चेहरा आणि स्वर देतो, अगदी हुबेहूब वाटेपर्यंत. मग तो चेहरा पडद्यावरून त्याच्याशी बोलतो, बोलवणारा असतो शेजारच्या खोलीतला उपचारक. पहिल्या सत्रांत चेहरा नेहमीसारखाच घालूनपाडून बोलतो आणि रुग्णाला उलट उत्तर द्यायला शिकवलं जातं. पुढे तो चेहरा थोडं थोडं नमतं घेऊ लागतो. १५० जणांवरची चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांनंतर, नुसतं समुपदेशन मिळालेल्यांच्या मानाने या गटात आवाजांचा जाच स्पष्टपणे कमी झाला होता. पुढच्या तीन महिन्यांत समुपदेशनवाला गटही त्यांच्या बरोबरीला आला, म्हणून काम अजून सुरू आहे. वर्षानुवर्षं ज्या आवाजाकडून फक्त शिव्याच येणार असा मेंदूचा ठाम अंदाज होता, तो आवाज समोर बसून वेगळं काही बोलला, आणि रुग्णाने ते ऐकलं.